परदेशी कसोटी आणि आपले चामडे

चामड्याच्या धंद्यातील आमच्या बांधवांची एक तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. युरोपवाल्यांना आपला माल स्वस्तात हवा असतो, पण आपण चार पैसे मिळवू लागलो की त्यांना कायदे सुचतात. आज या रसायनावर बंदी, उद्या त्या रंगावर बंदी, परवा आणखी एक नवा दाखला. पर्यावरण हे निमित्त, खरा हेतू आपला धंदा बसवण्याचा! धारावीच्या गाळ्यांत, कानपूरच्या जाजमऊत आणि तमिळनाडूतील आंबूर-वाणियंबाडीच्या टॅनऱ्यांत ही तक्रार जवळपास सारख्याच शब्दांत ऐकायला मिळते.

या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ती पूर्ण सत्यही नाही, आणि अर्धे सत्य उराशी धरून धंदा करणाऱ्याचे शेवटी नुकसानच होते. कोणती अट खरी आहे व कोणती अट म्हणजे केवळ अडवणूक आहे, हे ओळखता आले पाहिजे. खरी अट पाळावी, खोटीविरुद्ध भांडावे. आपल्याकडे मात्र बहुधा उलटे होते. खऱ्या अटीवर आपण कुरकुर करतो आणि खोट्या अटीपुढे मुकाट मान तुकवतो. म्हणून या विषयाचा थोडा मागोवा घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पहिला दणका

या कहाणीची सुरुवात जर्मनीत झाली. डिसेंबर १९८९ मध्ये त्या देशाने पेंटाक्लोरोफिनॉल या रसायनावर बंदी घातली. व्यापारी भाषेत त्याला पीसीपी म्हणतात. ओल्या कातड्याला बुरशी लागू नये म्हणून ते सर्रास वापरले जाई. जहाजाच्या लांबच्या प्रवासात माल खराब होऊ नये यासाठी तो स्वस्त आणि हमखास उपाय होता. जर्मनीने ठरवले की मालात किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पीसीपी आढळल्यास तो विकता येणार नाही. म्हणजे दहा लाख भागांत पाच भाग. जर्मनी हे भारतीय चामड्याचे मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे आपल्याकडे एकच हलकल्लोळ झाला. पर्यायी औषध महाग होते आणि चाचणीची सोय फारशी नव्हती. साहजिकच कारस्थानाची भाषा सुरू झाली.

पण प्रत्यक्षात काय घडले? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने व काही जाणत्या कारखानदारांनी पर्यायी औषधे वापरात आणली. पुढे भारत सरकारनेही पीसीपीवर बंदी घातली. धंदा बुडाला नाही. जे लवकर बदलले ते टिकले, जे वाट पाहत बसले त्यांचे सौदे गेले.

दुसरा दणका रंगांचा. जर्मनीने १९९४ साली काही अ‍ॅझो रंगांवर बंदी जाहीर केली व १९९६ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. भारत सरकारने मार्च १९९७ मध्ये अधिसूचना काढून असे ७० रंग हाताळण्यास मनाई केली. बेन्झिडीनपासून बनणारे ४२ रंग त्याआधीच बंद झाले होते. त्यानंतर सबंध युरोपीय संघाने २००२ साली आदेश काढला आणि सप्टेंबर २००३ पासून तो लागू झाला.

या आदेशाबाबत आजही गैरसमज आहे. सगळेच अ‍ॅझो रंग बंद झाले, असे अनेक रंगारी मानतात. तसे नाही. जे रंग फुटून २२ ठरावीक घातक अमाईन द्रव्ये सुटू शकतात, तेवढेच बंद आहेत. त्या प्रत्येक द्रव्याची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. बाकीचे असंख्य अ‍ॅझो रंग बिनधास्त वापरता येतात. हा नियम चामड्याला लागू आहे तसा कापडालाही आहे. त्यामुळे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडील रंगीत कापडाच्या व्यापाऱ्यांनीही तो नीट समजून घ्यावा. अज्ञानाचा फायदा दलाल घेतात. ‘बंदी नसलेला रंग’ म्हणून साध्याच रंगाचे दुप्पट पैसे उकळले जातात.

आता आमचा प्रश्न असा. पीसीपीच्या पिंपात उघडे हात कोणाचे बुडत होते? रंगाची भुकटी कोणाच्या नाकातोंडात जात होती? बेन्झिडीनमुळे रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होते. जर्मन गिऱ्हाइकाच्या पायाला त्या चामड्याचा स्पर्श होण्याआधी आमच्या कारागिराचे हात महिनोन्महिने त्या विषात भिजत होते. परक्या देशाने स्वतःच्या माणसांसाठी केलेल्या कायद्यामुळे आमच्या माणसाच्या हातातले विष गेले, ही गोष्ट आम्हांला उपकाराची कमी आणि लाजेची अधिक वाटते. ही बंदी आम्ही स्वतःच आधी का घातली नाही?

गोदामात बदलणारा माल

तिसरी अट क्रोमची. आज जगातील बहुतेक चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावले जाते. त्यासाठी वापरतात ते तीन संयुजेचे क्रोम, आणि ते फारसे घातक नाही. पण काही परिस्थितीत त्याचे सहा संयुजेच्या क्रोममध्ये रूपांतर होते. त्याने त्वचेला तीव्र अ‍ॅलर्जी होते आणि फुफ्फुसात गेल्यास ते कर्करोगकारक ठरते. युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यासाठी याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे.

ही अट फसवी आहे, आणि अनेक प्रामाणिक व्यापारी तिच्यात अडकले आहेत. कारण हे क्रोम कोणी मुद्दाम घालत नाही. ते मालात नंतर तयार होते. चामडे निघताना चाचणीत उत्तीर्ण होते, कंटेनरच्या उष्णतेत तापते आणि तिकडे पोहोचल्यावर नापास ठरते. आम्ल मारताना अल्कलीचा अतिरेक झाला, रंगण्याआधी अमोनिया वापरला, माशाच्या तेलासारखे लवकर खवट होणारे तेल पाजले, ऑक्सिडीकारक द्रव्याने विरंजन केले किंवा माल उन्हात आणि कोरड्या उष्ण हवेत पडून राहिला, तर धोका वाढतो. उपायही माहीत आहेत. शेवटची धुलाई नीट करावी, आम्लता राखावी, तेल पारखून घ्यावे आणि फेरकमावणीत झाडाच्या सालीचा टॅनिन अर्क वापरावा. हा अर्क क्रोमला बिघडण्यापासून रोखतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावले जाते. त्यात क्रोमच नसते. जे ज्ञान आपण मागासलेले म्हणून टाकून देऊ लागलो होतो, तेच आज परदेशी कसोटीला उतरते. २०१९ साली या चपलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. मात्र कमावणी शुद्ध असून भागत नाही. वर लावलेला रंग, चिकटवायचा गोंद आणि खोक्यात टाकलेली पुडीसुद्धा तपासली जाते. बुरशी टाळण्यासाठी जोड्यांच्या खोक्यात टाकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत डायमिथाइल फ्युमरेट असे. त्याने गिऱ्हाइकांची कातडी भाजल्यासारखी होऊ लागली, तेव्हा २००९ साली युरोपने त्यावरही बंदी घातली. एका पुडीपायी सबंध माल परत येऊ शकतो.

जे त्यांच्या कसोटीला दिसत नाही

परदेशी कसोटीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती कसोटी माल तपासते, माल जिथे तयार झाला ती जागा तपासत नाही. बुटातील क्रोम मिलिग्रॅममध्ये मोजले जाते, पण पालार नदीत किती गेले हे त्या बुटावर लिहिलेले नसते.

तमिळनाडूच्या टॅनऱ्यांनी अनेक वर्षे सांडपाणी पालार नदीत आणि आसपासच्या शेतांत सोडले. या टॅनऱ्यांत आपल्या समाजाचे मालक मोठ्या संख्येने आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. वेल्लोरच्या नागरिकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली व २८ ऑगस्ट १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. टॅनऱ्यांच्या पट्ट्यातील सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाल्याची नोंद त्या निकालपत्रात आहे. एक किलो चामडे कमावण्यास सुमारे ३५ लिटर पाणी लागते, हेही तिथे नमूद आहे. चर्मोद्योग परकीय चलन मिळवून देतो, रोजगार देतो, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्यासाठी निसर्ग नासवण्याचा हक्क त्याला मिळत नाही, असे बजावले. जो प्रदूषण करील त्याने भरपाई करावी, हे तत्त्व या निकालाने भारतीय कायद्यात पक्के झाले.

त्यानंतर सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना जोर आला आणि पाणी गाळून पुन्हा वापरण्याची यंत्रे बसली. प्रगती नक्कीच झाली. पण जानेवारी २०१५ च्या अखेरीस राणीपेट येथे अशाच एका केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि शेजारी झोपलेले दहा मजूर विषारी चिखलात गाडले गेले. बहुतेकजण पश्चिम बंगालहून पोटासाठी आलेले होते. आणि ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की वेल्लोरच्या पीडितांना सरकारने भरपाई द्यावी आणि ती प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल करावी. पहिल्या निकालाला तेव्हा अठ्ठावीस वर्षे उलटून गेली होती.

ही तर परदेशी कारस्थानाची गोष्ट नव्हे. तक्रार करणारा शेतकरी आपला होता, मेलेला मजूर आपला होता आणि विहीरही आपलीच होती. परदेशी अटीवर आपण जेवढे बोलतो, त्याच्या निम्मेसुद्धा या विहिरीवर बोलत नाही.

मग अन्याय कुठे आहे?

अन्याय आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे.

पहिला अन्याय पद्धतीचा. याचे सर्वांत चांगले उदाहरण चामड्याचे नसून कोळंबीचे आहे, आणि ते कोकणातील आमच्या मच्छीमार बांधवांच्या परिचयाचे असेल. समुद्री कासवे मरू नयेत म्हणून जाळ्यात कासव सुटण्याची झडप बसवलेली असली पाहिजे, नाहीतर कोळंबी घेणार नाही, अशी अट अमेरिकेने घातली व १९९६ पासून ती आपल्यालाही लागू केली. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड हे चार देश मिळून जागतिक व्यापार संघटनेत गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये तिथल्या अपील मंडळाने निर्णय दिला. कासवे वाचवण्याचा हेतू योग्य आहे, पण अट लावण्याची रीत भेदभावाची आहे, असे मंडळाने म्हटले. कॅरिबियन भागातील देशांना तयारीसाठी तीन वर्षे व तांत्रिक मदत मिळाली होती, आशियाई देशांना मात्र जेमतेम चार महिने. पुढे अमेरिकेने आपली रीत सुधारली आणि २००१ मध्ये मलेशियाने पुन्हा तक्रार केली तेव्हा ती फेटाळली गेली.

या निकालातून घेण्याचा बोध स्पष्ट आहे. ‘अटच नको’ म्हणणारा हरतो. ‘अट सर्वांना सारखी लावा, मुदत द्या, मदत द्या’ म्हणणारा जिंकतो. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, तेव्हा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा एक करारही लागू झाला. गरजेपेक्षा अधिक व्यापार अडवणारे नियम करू नयेत, नवा नियम आणण्याआधी मसुदा इतर देशांना कळवावा व त्यांची मते ऐकावीत, असे तो करार सांगतो. मत देण्यासाठी साधारण ६० दिवसांची मुदत देण्याची शिफारस आहे. नियम प्रसिद्ध झाल्यापासून अंमल होईपर्यंत साधारणपणे सहा महिन्यांहून कमी अंतर असू नये, असेही २००१ साली ठरले. आपल्याकडे अशा चौकशीसाठी भारतीय मानक ब्यूरोची नेमणूक झाली आहे. पण मसुद्यावर मत नोंदवायला आपल्यापैकी कोण जातो? बंदरावर माल अडकल्यावर आपण मंत्र्याकडे धावतो. तेव्हा उशीर झालेला असतो.

मुदत मागितली तर मिळते, याचे ताजे उदाहरण आहे. युरोपने २०२३ साली जंगलतोडीविरुद्ध कायदा केला आणि त्यात गुरांच्या कातड्याचाही समावेश केला. जनावर कोणत्या जमिनीवर वाढले, इथपर्यंतचा पुरावा त्यात मागितला होता. गल्लोगल्लीच्या कातडी संकलनावर चालणाऱ्या आपल्या धंद्याला हे कसे जमावे? पण जगभरातून ओरड झाली आणि अंमलाची तारीख एकदा २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये पुढे ढकलावी लागली.

दुसरा अन्याय किमतीचा, आणि तो अधिक मोठा आहे. अट घालणारा खरेदीदार भाव वाढवून देत नाही. महाग रसायन, प्रयोगशाळेची फी, सांडपाण्याचा खर्च, हे सगळे त्याला हवे असते, पण बूट मात्र गेल्या वर्षीच्याच भावात. शिवाय प्रत्येक मोठ्या कंपनीची स्वतःची निराळी यादी असते व ती अनेकदा कायद्याहूनही कडक असते. एकच चामडे तीन खरेदीदारांसाठी तीनदा तपासावे लागते. मोठा निर्यातदार हा भार खालच्याच्या डोक्यावर ढकलतो, खालचा आणखी खालच्यावर. शेवटी तो येऊन पडतो एका गाळ्यात पाच-सात कारागीर घेऊन पाकिटे शिवणाऱ्या माणसावर.

धारावीचेच पाहा. कातडी कमावण्याचे तिथले जुने कारखाने गेले. आता मुख्यत्वे तयार चामडे आणून पाकिटे, पट्टे आणि बॅगा बनतात. असा एखादा कारागीर चामडे एकाकडून घेतो, अस्तर दुसऱ्याकडून, गोंद तिसऱ्याकडून आणि बकल चौथ्याकडून. नमुना नापास झाला तर दोष कोणाचा, हे त्याला सिद्ध करता येत नाही. बिल नाही, लॉट क्रमांक नाही, कागद नाही. मग पैसे त्याचेच अडकतात.

आता करायचे काय?

आमच्या मते चार गोष्टी आजपासून करण्याजोग्या आहेत.

एक, रसायन, रंग आणि चामडे बिलाशिवाय घेऊ नये. पुरवठादाराकडून बंदी असलेली द्रव्ये नसल्याचे लेखी घ्यावे, लॉट क्रमांक लिहून ठेवावा व प्रत्येक लॉटचा एक तुकडा तारीख घालून जपावा. उद्या वाद झाला तर हा तुकडाच साक्षीदार ठरेल.

दोन, ऑर्डर घेतानाच विचारावे की कोणती चाचणी, कोणत्या प्रयोगशाळेची, फी कोण देणार आणि माल तिकडे गेल्यावर नापास झाला तर काय. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

तीन, एकट्याने करू नये. एका गल्लीतील दहा-पंधरा कारागिरांनी मिळून एकाच खात्रीच्या टॅनरीकडून एकत्र चामडे घेतले, तर त्या एका लॉटची चाचणी सर्वांच्या उपयोगी पडते आणि फी वाटली जाते. लघुउद्योगांच्या समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्रांना सरकारी मदत मिळते. तिचा लाभ मागायला एकट्या माणसाने जाऊन उपयोग नाही, संघटना लागते. कापडवाल्यांसाठी मुंबईत टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे, चामड्यासाठी चर्म संशोधन संस्था आहे. या दारांवर थाप तरी मारावी.

चार, आपल्या व्यापारी संघटनांनी सत्कार समारंभांतून थोडा वेळ काढून नव्या मसुद्यांवर लक्ष ठेवावे आणि मुदतीत लेखी मत द्यावे. मोठ्या निर्यातदारांनी चाचणीचा खर्च आपल्या पुरवठादारांच्या माथी न मारता भावात धरावा आणि परदेशी खरेदीदाराशीही त्याच हिमतीने बोलावे. जो अट घालतो त्याने तिची किंमतही मोजावी, ही मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. पण ती तोंड वर करून करण्याचा अधिकार त्यालाच, ज्याची स्वतःची मोरी स्वच्छ आहे.

शेवटी एक गोष्ट. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला आणि आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपला नव्हे असे बजावले. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजच्या मालातला ओलावा डोळ्यांना दिसत नाही. तो मिलिग्रॅममध्ये असतो आणि प्रयोगशाळेतच कळतो. पण ढिगात हात घालून पाहण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क तोच आहे, आणि आतले बाहेर दाखवण्याची आपली जबाबदारीही तीच आहे. गिऱ्हाइकाला जो हक्क आहे तोच शेजारच्या शेतकऱ्याला आणि आपल्या कारागिरालाही आहे. तो जर्मनीने लिहून देण्याची वाट आपण पाहू नये.